जुन्या गिटार अ‍ॅम्पचे स्पीकर: दुरुस्त करावेत, तसेच वाजवावेत की बाजूला ठेवावेत?

मडगावच्या एका तरुण गिटारवादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे काका जहाजावरच्या बँडमध्ये गिटार वाजवत असत आणि परदेशातून येताना त्यांनी गिटारचा आवाज मोठा करणारा, फेंडर कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ आणला होता. चंदेरी दर्शनी पट्टीचा आणि बारा इंची दोन स्पीकरांचा हा अ‍ॅम्प काकांच्या पश्चात पुतण्याकडे आला. व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) यांची बाजू एका जाणकाराने तपासून दिला आहे. मात्र जाड तारा जोरात वाजवल्या की मागून पाहताना डावीकडे असलेल्या स्पीकरमधून ‘फर्र’ असा आवाज येतो, आणि त्याच स्पीकरच्या कोनला (थरथरून आवाज काढणाऱ्या कागदी शंकूला) कडेजवळ सुमारे चार सेंटिमीटरची चीर आहे. उजवा स्पीकर ठीक वाटतो. दोन्हींच्या लोखंडी फ्रेमवर ४६५३१८ हा आकडा छापलेला आहे. गावातल्या दुरुस्तीवाल्याने दोन्हींचे कोन बदलायला सांगितले, एका मित्राने दोन्ही काढून नवे स्पीकर बसवण्याचा सल्ला दिला, आणि बँडमधल्या एका ज्येष्ठ वादकांनी ‘जुना माल आहे, हात लावू नकोस, आहे तसा वाजव’ असे सांगितले. तिघांपैकी कोणाचे ऐकावे?

तूर्त तिघांचेही ऐकू नका. ज्या वस्तूची अजून तपासणीच झालेली नाही तिच्याबद्दल तिघांनीही निकाल दिला आहे. स्पीकर जुना असणे आणि स्पीकर बिघडलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेली अठ्ठावीस वर्षे मुंबईत हेच काम करताना या दोहोंची गल्लत झाल्यामुळे वाया गेलेले जितके स्पीकर मी पाहिले, तितके वयामुळे वाया गेलेले पाहिलेले नाहीत.

गिटारच्या स्पीकरचा कोन कागदाच्या लगद्याचा असतो आणि त्याची घडीदार कडाही बहुधा कागदाचीच असते. कोनला मधोमध धरून ठेवणारा ‘स्पायडर’ हा राळेत भिजवून कडक केलेल्या सुती कापडाचा असतो. नवेपणी हे दोन्ही भाग ताठ असतात. वर्षानुवर्षे वाजून ते सैल पडतात, स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या थोडी खाली उतरते, वरच्या स्वरांतला बोचरेपणा कमी होतो आणि आवाज मोकळा होतो. नवी कोल्हापुरी चप्पल आधी करकरते आणि चावते, मग पायाला बसते, तसेच हे आहे. जुन्या स्पीकरांसाठी लोक जास्तीची किंमत मोजतात ती या मुरलेपणासाठी, आणि हा मुरलेपणा विकत आणता येत नाही, तो कागदातच असतो. म्हणूनच दोन्ही कोन सरसकट बदलण्याचा सल्ला मला मान्य नाही. कोन ही स्पीकरची पुडी आहे. तबल्याची पुडी बदलली की खोड तेच राहते, पण कानाला तबला दुसरा लागतो.

वयाने स्पीकर मुरतो हे खरे, पण त्यातले काही भाग वयाने खरोखर निकामीही होतात. ते भाग म्हणजे चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे सरकणारी तांब्याच्या तारेची कॉइल, ती फट, कॉइलला कोनशी आणि कोनला फ्रेमशी जोडणारे चिकटपदार्थाचे सांधे, आणि टर्मिनलपासून कोनपर्यंत लोंबत येणारी वेणीसारखी लवचिक तार. निर्णय या भागांची अवस्था पाहून घ्यायचा असतो. आधी कॉइल आणि फट पाहावी, मग कागद पाहावा, आणि स्पीकरवर कोणाचे नाव आहे याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

नावाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या आकड्याचा उलगडा करतो. अमेरिकी बनावटीच्या स्पीकरवरचे पहिले तीन अंक निर्मात्याचे असतात: २२० म्हणजे जेन्सन, १३७ म्हणजे सीटीएस, ६७ (येथे दोनच अंक) म्हणजे एमिनन्स आणि ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. पुढचे अंक वर्ष आणि आठवडा सांगतात. तुमच्याकडे ३१८ आहे, म्हणजे ३ ने संपणाऱ्या वर्षाचा १८वा आठवडा. दशक त्यात लिहिलेले नसते, ते इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. चंदेरी पट्टीचे अ‍ॅम्प १९६८ च्या सुमारास बाजारात आले, त्यामुळे १९६३ शक्य नाही आणि हे स्पीकर १९७३ चे ठरतात. दोन्हींवर एकच आकडा आहे, याचा अर्थ ते बहुधा जन्मापासूनची जोडी आहेत. या ऑक्सफर्ड स्पीकरांचे चुंबक सिरॅमिक जातीचे असतात आणि असे चुंबक वयाने दुबळे होत नाहीत. ‘मॅग्नेट उतरले आहे, चार्ज करावे लागेल’ असे कोणी म्हणाले तर ते काम देऊ नका. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या) चुंबकाच्या जुन्या स्पीकरांत, उदाहरणार्थ जेन्सनच्या ‘पी’ मालिकेत, चुंबकत्व काही अंशी कमी झालेले आढळू शकते आणि ते पुन्हा भरताही येते, पण तुमच्या अ‍ॅम्पला तो प्रश्न लागू नाही.

आता तपासणीकडे वळू. ‘फर्र’ हा आवाज स्पीकरचाच आहे हे आधी सिद्ध करा. या काळातल्या बऱ्याच फेंडर अ‍ॅम्पमध्ये स्पीकर ज्या फळीवर बसतात ती भुशाची दाबलेली फळी असते, ती दमट हवेत फुगते आणि तिचे सांधे सुटतात. मागच्या पट्टीचा एखादा स्क्रू ढिला असणे, पुढच्या जाळीच्या कापडाची चौकट सुटलेली असणे, तळाची रिव्हर्बची (आवाजाला घुमारा देणाऱ्या स्प्रिंगांची) पेटी थरथरणे, एखादा व्हॉल्व्ह आतून वाजणे, यातले काहीही हुबेहूब फाटक्या स्पीकरसारखे ऐकू येते. मी स्वतः एकदा अर्धा दिवस स्पीकर तपासण्यात घालवला आणि शेवटी दोष हँडलच्या धातूच्या टोपीत सापडला. त्यामुळे संशयित स्पीकर पेटीतून काढून टेबलावर, एखाद्या लहान अ‍ॅम्पला जोडून ऐकणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

स्पीकर काढण्यापूर्वी दोन सूचना कृपया गांभीर्याने घ्या. पहिली सूचना अशी की वरची चासी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तारांची धातूची पेटी, उघडायची नाही. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा दाब साठून राहू शकतो. स्पीकर काढण्यासाठी मागच्या पट्ट्या काढणे पुरेसे असते. दुसरी सूचना अशी की स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालवायचा नाही. फेंडरच्या स्पीकर-जॅकमध्ये एक चांगली सोय आहे: प्लग काढला की तो जॅक आपोआप शॉर्ट होतो, आणि त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हची वीज स्पीकरला साजेशी करून देणारा भाग, वाचतो. पण प्लग जागेवर असेल आणि पुढे तार तुटलेली किंवा कॉइल आतून तुटलेली असेल, तर ही सोय कामाला येत नाही. तेव्हा ट्रान्सफॉर्मरवर अतिशय मोठे दाब निर्माण होतात आणि तो जळू शकतो. माझ्या दृष्टीने स्पीकरच्या निर्णयातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. स्पीकर पन्नास मिळतील, पण त्या काळचा मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळवणे कठीण आहे. शंकास्पद स्पीकर ‘जाईल तेव्हा जाईल’ असे म्हणून वाजवत राहणे म्हणजे स्पीकरचा नव्हे, तर अ‍ॅम्पचा जुगार खेळणे होय.

स्पीकर सुटा झाल्यावर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर आठ येत नाही, साधारण सहा ते सात येतो, आणि तेच बरोबर आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वेणीची तार तुटलेली आहे. आकडा चारच्या खाली आला तर कॉइलचे वेढे जळून एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. मीटरची टोके लावलेली असतानाच कोन बोटाने हलकेच हलवून पाहा. हलवताना आकडा किंचित नाचणे स्वाभाविक आहे, कारण चुंबकात सरकणारी कॉइल स्वतःच थोडी वीज निर्माण करते. पण कोन एका ठरावीक जागी आल्यावर आकडा पूर्ण गायब होत असेल तर तार आतून तुटत आली आहे असे समजा. बरेच ‘मेलेले’ स्पीकर या एका तारेपायीच मेलेले असतात, आणि लवचिक तार बदलून टर्मिनलवर सोल्डरचा नीट डाग दिला की ते पुन्हा उभे राहतात. ही दुरुस्ती मी नेहमीच करावी असे सांगतो, कारण तिने कागदाला किंवा कॉइलला धक्का लागत नाही आणि आवाजात फरक पडत नाही.

त्यानंतर बोटांची परीक्षा करा. स्पीकर टेबलावर तोंड वर करून ठेवा, दोन्ही हातांची चार-पाच बोटे मधल्या टोपीभोवती समान अंतरावर टेकवा आणि कोन अगदी सरळ, काही मिलिमीटर आत दाबून हळूच सोडा. खोली शांत असू द्या, पंखा बंद करा आणि कान जवळ न्या. निरोगी स्पीकरमध्ये काहीही ऐकू येत नाही, बोटांना फक्त मऊ विरोध जाणवतो. कॉइल घासत असेल तर सॅंडपेपरवर नख ओढल्यासारखी बारीक खरखर ऐकू येते आणि बोटांनाही ती लागते. एका बाजूने दाबून पाहण्याचा मोह टाळा, कारण कोन तिरका दाबला की चांगला स्पीकरही घासतो, आणि मग विनाकारण घबराट होते.

शेवटची चाचणी सुरांची आहे. फोनवर सूर निर्माण करणारे कोणतेही अ‍ॅप घ्या, अगदी कमी आवाजात ७० हर्ट्झपासून हळूहळू वर चढत १००० पर्यंत जा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, म्हणून खालच्या भागात सावकाश जा. कागदाची चीर किंवा सुटलेली टोपी ही ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास वाजते आणि पुढे गेल्यावर शांत होते. कॉइलचे घासणे मात्र कोन जास्त हलतो त्या सगळ्याच खालच्या पट्ट्यात कमीजास्त ऐकू येत राहते. वाजत असताना चिरेच्या दोन्ही कडा बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र धरा. आवाज थांबला तर दोष चिरेचाच आहे आणि तुमचे काम स्वस्तात झाले आहे.

चीर कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. बाहेरच्या कडेपासून आत कोनच्या निम्म्यापर्यंतच्या, केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या छोट्या चिरा निरुपद्रवी असतात. अशा चिरा बुजवलेले स्पीकर वीस वीस वर्षे वाजताना मी पाहिले आहेत. घडीदार कडेतच, गोलाकार दिशेने गेलेली चीर अधिक त्रासदायक असते, कारण तिथे कागद सतत वळतो आणि दुरुस्ती ताठ झाली तर तिच्या शेजारी नवी चीर पडते. कॉइलच्या मानेजवळ, टोपीच्या कडेला पडलेली चीर सर्वांत वाईट, कारण तिथे सगळी ताकद एकवटलेली असते आणि लावलेल्या चिकटपदार्थाचा एखादा थेंब आत ओघळला की स्पीकर संपतो. कागदाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला असेल, उदाहरणार्थ उंदराने कुरतडला असेल, तर ठिगळ लावून तो वाजेल, पण पूर्वीसारखा वाजणार नाही.

तुमची चीर कडेजवळ, पण घड्यांना न लागता केंद्राच्या बाजूला आहे असे गृहीत धरून कृती सांगतो. टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा वेगळा करा, किंवा चहाच्या रिकाम्या पिशवीचा कागद धुऊन वाळवून घ्या. हा कागद हलका आणि लांब धाग्यांचा असतो, म्हणून तो या कामाला फार चांगला. तो कात्रीने कापू नका, हाताने फाडा, म्हणजे त्याच्या कडा पातळ होतात आणि जोड कोनमध्ये मिसळून जातो. पांढरा फेविकॉल निम्मे पाणी घालून पातळ करा. मऊ ब्रशने चिरेवरची धूळ झाडून घ्या. चिरेच्या कडा एका पातळीत आणा, मागच्या बाजूने पातळ फेविकॉलचा हात फिरवा, चिरेपेक्षा दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर मोठा असा कागदाचा तुकडा त्यावर ठेवा आणि ब्रशच्या टोकाने टोचत टोचत बसवा. ओला झाल्यावर कागद जवळजवळ पारदर्शक होतो आणि कोनचा पोत त्यातून दिसू लागतो, तेव्हा तो बसला असे समजावे. एक रात्र वाळू द्या, मग पुढच्या बाजूने तसाच एक पातळ थर द्या. इतके पुरेसे आहे. एपॉक्सी, झटपट चिकटणारे गोंद, सिलिकॉन किंवा चिकटपट्टी यांतले काहीही वापरू नका. पहिले दोन काचेसारखे कडक होऊन शेजारी चीर पाडतात, सिलिकॉन जड असते आणि नंतर त्यावर दुसरे काही चिकटत नाही, आणि पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात सुटून स्वतःच वाजू लागते. चीर घड्यांमध्येच असेल तर फेविकॉलऐवजी वाळल्यावर रबरासारखे लवचिक राहणारे पातळ चिकटद्रव्य वापरावे लागते, आणि ते काम कोणाकडून तरी शिकून मगच करावे.

गोव्यात किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा वेगळा विचार केला पाहिजे. कागदाचा कोन हवेतला ओलावा शोषतो, त्यावर बुरशी धरते, आणि कपाटात पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमध्ये कसर लागून कागद कडेने खाल्ला जातो. हे डोळ्यांना दिसते आणि कोरड्या ब्रशने बरेचसे आटोक्यात येते. न दिसणारा शत्रू म्हणजे फटीतला गंज. चुंबकाच्या मधल्या लोखंडी दांड्यावर खाऱ्या हवेने गंजाचे बारीक पापुद्रे धरतात, आणि कॉइल व लोखंड यांच्यातली जागा जेमतेम जाड कागदाच्या जाडीइतकीच असल्यामुळे एखादा पापुद्राही खरखर निर्माण करायला पुरतो. अशा वेळी फटीत गंज काढण्याचा फवारा किंवा तेल सोडणे हा हमखास नाश आहे. ते चिकटपदार्थ विरघळवते आणि गंजाचा चिखल करून तिथेच ठेवते. टोपी काढून फट साफ करणे शक्य असते, पण गंज खोलवर गेला असेल तर कोन-कॉइल काढल्याशिवाय तो निघत नाही. दमट स्पीकर उन्हातही ठेवू नका. कागद एकदम सुकून आक्रसतो आणि जुने सांधे सुटतात. वातानुकूलित खोलीत किंवा सिलिका जेलच्या पिशव्यांसह बंद पेटीत आठवडाभर ठेवणे हा सावकाश पण सुरक्षित उपाय आहे.

कॉइल घासते आहे असे आढळले तरी लगेच हात टेकू नका. फुगलेल्या किंवा वाकलेल्या फळीवर स्पीकरचे चार स्क्रू कमीजास्त आवळले गेले तर पत्र्याची फ्रेम पिळवटते आणि कॉइल तिरकी होते. स्पीकर सुटा केल्यावर खरखर नाहीशी झाली तर कारण हेच आहे. मग फळी सपाट करून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. दुसरे कारण वयाचे आहे: उभ्या बसवलेल्या स्पीकरमध्ये कोन वर्षानुवर्षे आपल्या वजनाने खाली झुकतो. खरखर खालच्या बाजूने येत असेल तर स्पीकर अर्धा फेरा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून बसवा. पुष्कळदा खरखर तेवढ्यानेच बंद होते आणि आणखी बरीच वर्षे मिळतात. तिसरे कारण मात्र निरुपाय करणारे आहे. सुमारे तीस किलोंचा हा अ‍ॅम्प टेम्पोतून पडला असेल आणि सिरॅमिक चुंबक आपल्या जागेवरून सरकले असेल, तर कॉइल फटीत घट्ट चिमटली जाते आणि कोन जागचा हलतच नाही. चुंबक पुन्हा मध्यभागी आणून चिकटवणे अशक्य नाही, पण साध्या ऑक्सफर्डवर इतकी मेहनत घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

कॉइल जळली असेल तर कोन, कॉइल, स्पायडर सगळेच बदलावे लागते, ज्याला आपण रिकोनिंग म्हणतो. याबाबत माझा एक अनुभव मला अजून सलतो. कामाला लागून चार-पाच वर्षेच झाली असताना माझ्याकडे व्हॉक्स एसी३० आला होता, त्यात सेलेस्टियनचे निळ्या रंगाचे अल्निको स्पीकर होते. ते प्रत्येकी १५ वॅटचे असतात आणि अ‍ॅम्प ३० वॅटचा, म्हणजे दोघे मिळून जेमतेम भार पेलतात. त्यातल्या एकाची कॉइल जळली होती. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याचा हात साफ होता, कामही नेटके होते, पण त्याच्याकडे जे होते ते सभा-समारंभातल्या लाउडस्पीकरचे कोन: जाड कागद, कापडी कडा. स्पीकर परत आला तेव्हा मीटर बरोबर होता, खरखर नव्हती, आणि आवाज पूर्णपणे मेलेला होता, घोंगडीआडून आल्यासारखा. मी जुना कोन परत मागितला नव्हता, तो टाकून दिला गेला होता. त्याचा मालक असलेला वादक काही बोलला नाही, पण त्याने तो अ‍ॅम्प पुढे फारसा वाजवला नाही. कोनचे वजन, कागदाची जाडी, कडेच्या घड्या, कॉइलचा व्यास, तिच्या वेढ्यांची उंची, ती ज्या नळीवर गुंडाळली आहे त्या नळीचा पदार्थ, या प्रत्येकाचा आवाजात वाटा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून रिकोनिंग करून घ्यायचेच असेल तर आधी विचारा की याच स्पीकरला साजेसा गिटारचा कोन मिळणार आहे का, कॉइलचा व्यास मोजून घेतला आहे का, आणि जुना कोन अखंड परत मिळेल का. जेन्सनच्या सी१२एनची कॉइल दीड इंची, सेलेस्टियनच्या बहुतेक बारा इंची स्पीकरांची पावणेदोन इंची, इलेक्ट्रो-व्हॉइसच्या ईव्हीएम१२एलची अडीच इंची आणि जेबीएलच्या डी१२०एफची तर चार इंची असते. एकीचा कोन दुसरीला चालवून घेता येत नाही. समोरचा माणूस या प्रश्नांनी चिडला तर स्पीकर उचलून परत आणा. माझे स्वतःचे मत असे आहे की दुर्मीळ अल्निको स्पीकर, जेबीएल किंवा ईव्हीएम यांच्या भक्कम चौकटींवर चांगला कोन संच मिळत असेल तर रिकोनिंग जरूर करावे, कारण तिथे चुंबक आणि फ्रेम हीच मोठी संपत्ती आहे. १९७० च्या दशकातल्या साध्या ऑक्सफर्ड किंवा युटा स्पीकरवर तोच खर्च केला तर नव्या चांगल्या स्पीकरच्या किमतीजवळ पोहोचूनही हातात नवा स्पीकरच येतो, फक्त जुन्या फ्रेमवर बसवलेला.

आता ‘आहे तसा वाजव’ या सल्ल्याबद्दल. तो अर्धा बरोबर आहे. ट्विन रिव्हर्ब हा सुमारे शंभर वॅटचा, व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये फार मोठ्या आवाजाचा गणला जाणारा अ‍ॅम्प आहे. त्याचे दोन्ही आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडलेले असतात, म्हणजे अ‍ॅम्पला एकूण चार ओहमचा भार दिसतो आणि ताकद दोघांत निम्मी वाटली जाते. यातला एक स्पीकर कार्यक्रमाच्या मध्यावर तुटला तर सगळी ताकद एकट्या उरलेल्यावर येते, आणि पन्नाशी ओलांडलेला स्पीकर ती फार वेळ सोसत नाही. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर तो पाऊणपटीहून अधिक वाढलेला असतो, आवाज दबतो, आणि वादक नकळत व्हॉल्यूम आणखी चढवतो. बहुतेक कॉइल अशाच जळतात. घरात, सरावाला किंवा ध्वनिमुद्रणाला, व्हॉल्यूम तीन-चारच्या आत ठेवून निरोगी जुने स्पीकर निर्धास्त वाजवावेत. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा उघड्या मैदानात ढोलताशाच्या बरोबरीने मात्र ते चढवू नयेत.

मंचासाठी नवे स्पीकर घेताना प्रत्येकी आठ ओहमचेच घ्या आणि प्रत्येकाची क्षमता किमान ५० वॅट, शक्य तर ७५ च्या पुढे असू द्या. जेन्सनच्या नावाने १९९० च्या दशकापासून इटलीत बनणारा सी१२एन ५० वॅटचा आहे आणि या अ‍ॅम्पच्या स्वभावाला जवळचा आहे, पण ट्विन पूर्ण जोरात वाजवणाऱ्याला मी त्याहून दणकट काहीतरी सुचवेन. सेलेस्टियनच्या ‘व्हिन्टेज ३०’ या नावातला आकडा पाहून तो ३० वॅटचा आहे असे समजू नका, तो ६० वॅटचा आहे. एक जुना आणि एक नवा असा संसार मांडायचा असेल तर दोघांची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो हे, जुळते का ते पाहा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक, आणि ९७ डेसिबलच्या स्पीकरशेजारी १०० डेसिबलचा ठेवला तर जुना स्पीकर नव्याच्या मागे पडेल. जोडणीनंतर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेने हलतात ना, याची खात्री करा. एक पुढे आणि एक मागे गेला तर खर्ज नाहीसा होईल आणि दोष विनाकारण जुन्या स्पीकरवर जाईल. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन टोक लावले की कोन मागे जातो, ती त्यांची मूळ पद्धत आहे, तिला बिघाड समजू नये.

तुमच्या जोडीबद्दल माझा निर्णय असा. डाव्या स्पीकरची चीर वर सांगितल्याप्रमाणे बुजवा, पण त्याआधी बोटांची आणि मीटरची परीक्षा करा. रोध सहा-सातच्या दरम्यान आला आणि खरखर नसली, तर तो स्पीकर वाजवण्यालायक आहे, त्याचा कोन बदलायचे काहीही कारण नाही. खरखर असली तर आधी सुटा करून, मग अर्धा फेरा फिरवून पाहा. दोन्हींनी ती गेली नाही तर त्याला कामातून काढा, रिकोन करू नका. उजव्याला ‘ठीक वाटतो’ म्हणून सोडू नका. त्याचीही तीच परीक्षा करा, वेणीच्या तारा आणि टर्मिनलवरचे सोल्डरचे डाग भिंगातून पाहा, आणि काहीही सापडले नाही तर त्याला हातही लावू नका. अ‍ॅम्प अमेरिकेत विकलेल्या ११७ व्होल्टच्या बनावटीचा असेल तर तो योग्य क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालतो आहे ना, हेही एकदा मागच्या पट्टीवर वाचून घ्या.

मंचासाठी नवी जोडी घेतलीत तर काकांचे स्पीकर विकू नका आणि माळ्यावरही टाकू नका. प्रत्येक स्पीकरच्या टर्मिनलच्या दोन्ही टोकांना एक छोटी तार जोडून ठेवा, म्हणजे वाहतुकीत कोन फारसा हलत नाही. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पिशव्यांसह, उभे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दर जूनमध्ये व दर ऑक्टोबरमध्ये त्या पिशव्या बदला. डब्यात एक चिठ्ठी घाला: कोणता डावीकडे होता, कोणता उजवीकडे, रोध किती आला, चीर कधी आणि कशाने बुजवली. पुढे कोणी हा अ‍ॅम्प मूळ रूपात आणायचे ठरवले तर त्याला चार स्क्रू आणि दोन तारा यांपलीकडे काही करावे लागणार नाही.